पाणी घालू नये

९ डिसेंबर, शाळा भरायच्या आधी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. किती झाला ते मोजत बसलो तर हेही राहून जाईल. तू आईला फोन करतेस तेव्हा मी शेजारीच असतो. "बाबा बरे आहेत ना?" असं तू विचारतेस, आई "हो" म्हणते, की माझा विषय संपला.

आधी सांग, स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी बसवलीस का? वाऱ्याने खिडकी आपटते, काच फुटते, ती पायात जाते. सुतार येईपर्यंत सुतळीने बांधून ठेव. गॅस बंद केल्यावर पुन्हा एकदा बघत जा. हसू नकोस.

माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी शाळेने मला ठेवून घेतलंय. घंटा द्यायची, प्रयोगशाळा झाडायची, एवढंच काम. मुलं अजून मामाच म्हणतात.

यंदा विज्ञानाच्या बाईंनी सहावीला घेवड्याची रोपं लावायला दिली. चार-चार पानं आल्यावर तीन गट केले. एक कुंडी उन्हात, रोज पाणी. दुसरीलाही पाणी, पण ती कपाटात, अंधारात. तिसरी उन्हात, पण कोरडी. तिच्यावर कागद चिकटवला होता : 'पाणी घालू नये'.

पंधरा दिवसांनी बाईंनी सगळ्यांना एकेक पान लिहायला लावलं, 'या प्रयोगातून मी काय शिकलो'. ती पानं मीच गोळा केली आणि जिन्यात उभा राहून वाचली. कपाटवाल्या गटातल्या एकाने लिहिलं होतं, "अंधारात रोप उंच होते पण पिवळे पडते. मी उंच आहे पण पिवळा नाही, कारण मी खेळायला बाहेर जातो." कोरड्या गटातल्या एकाने लिहिलं, "झाड पाण्याशिवायही छान जगते. म्हणून मी आजीला सांगून घरच्या कुंड्यांचे पाणी बंद केले आहे." त्याच्या आजीच्या कुंड्यांची मला फार काळजी लागली.

पण कोरडं रोप खरंच हिरवंगार होतं. तिन्हींत तरतरीत तेच.

त्या गटाची प्रमुख एक चष्मावाली मुलगी आहे. बोलायला फटकळ, पण अक्षर मोत्यासारखं. तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या. "कुंडीत बोट घातले तर माती ओली लागते. कोणीतरी पाणी घालते, ते मी नाही."

बाई तिच्यावरच उखडल्या. "तू नाहीस, तर काय छतातून गळलं?"

"बाई, मी खरंच नाही घातलं."

"रोप मरेल म्हणून दया आली असेल, तर तसं सांग. खोटं बोलू नकोस. विज्ञान प्रदर्शनात तुमचा गट बसणार नाही."

मी दारात हजेरीचं पुस्तक घेऊन उभा होतो. ते टेबलावर ठेवलं आणि निघून आलो.

ठमे, पाणी मी घालत होतो. सकाळी खोली झाडताना शिक्षकांच्या पेल्यांत कालचं पाणी उरलेलं असतं. खिडकीत एखादं रोप मान टाकून उभं असलं की मला बघवत नाही. कागद वाचला नव्हता असं नाही. सातवी शिकलोय, एवढं वाचता येतं. वाचलं आणि तरी घातलं.

चार दिवस गप्प बसलो. जेवण जाईना. आई म्हणाली, "पोट बिघडलंय का?" मी हो म्हणालो. पाचव्या दिवशी तास चालू असताना वर्गात गेलो आणि सांगून टाकलं. मुलं खो-खो हसली. बाई म्हणाल्या, "अहो मामा, असं कसं केलंत!" मग त्या चष्मावालीकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझं चुकलं गं." मला वाटलं, आता ही रडणार. तर तिने वही उघडली. "मामा, रोज किती घालत होतात? अंदाजे नको, नीट सांगा."

"अर्धा पेला."

"रविवारी?"

"रविवारी शाळा बंद असते, बाळा."

तिने तेही लिहून घेतलं. मधल्या सुट्टीत शोधत आली आणि म्हणाली, "चार दिवस का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"या वयात?"

मी झाडू उचलला. याचं उत्तर आधी तुला द्यायचं होतं.

तू याच शाळेत नववीत होतीस, आणि प्रयोगशाळेची किल्ली सरांनी विश्वासाने तुझ्याकडे दिली होती. सूक्ष्मदर्शक पुसताना माझ्या हातून सुटला, भिंग तडकलं, आणि मी तो तसाच कपाटात ठेवून दिला. तू त्या सकाळी माझ्याबरोबर लवकर आली होतीस. व्हरांड्यातून तू आवाज ऐकला होतास. नंतर सरांनी विचारलं, "किल्ली कुणाकडे होती?" तू उभी राहिलीस. दारात मी पाण्याचा ट्रे धरून उभा. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी माझ्या चपलांकडे. "माझ्याकडे होती, सर," एवढंच म्हणालीस. सरांनी किल्ली काढून घेतली. त्यानंतर तू प्रयोगशाळेची पायरी चढली नाहीस, आणि घरी एका शब्दाने बोलली नाहीस. नोकरी जाईल ही भीती होती, हे खरं. पण ती भीती माझी होती, तिचा भार तुझ्या डोक्यावर द्यायला नको होता. चुकलो, पोरी.

बाई मला गमतीने म्हणाल्या होत्या, "मामा, तुम्हीही एक पान लिहा." मी लिहिलं. कुंडीचं लिहिलं आणि सूक्ष्मदर्शकाचंही, तुझ्या नावासकट. मोठ्या बाईंनी वाचून विचारलं, "हे फलकावर लावू? सगळे वाचतील." मी म्हणालो, लावा. टाचण्या मीच आणून दिल्या.  काल तुझे जुने सर नातवाला घ्यायला आले होते. फलकासमोर उभे राहून त्यांनी माझं पान वाचलं. मग चष्मा पुसला, तुझा पत्ता विचारला. मी दिला. रागावू नकोस.

चष्मावालीने नवी कोरडी कुंडी मांडलीय. मला ताकीद आहे : "मामा, त्या खिडकीकडे बघायचं नाही." मी पाठ करून झाडतो. तिसऱ्या दिवशी पानं लोंबली. पेल्यातलं पाणी अंगणात ओतून आलो. जमलं.

माझं पान महिनाभर फलकावर राहणार आहे. येऊन वाचलंस तर बरं. नाही जमलं तर दोन ओळी लिही, शिव्या घातल्यास तरी चालेल, पण लवकर लिही. टपाल अकराला येतं आणि ते घ्यायला फाटकावर मीच असतो. आता मान वर करून उभा असतो.

तुझा अपराधी,
बाबा

ता. क. कडीचंही कळव.