डावीकडची बैठक

गुरुवार, दि. २० फेब्रुवारी १९५८. नळदुर्ग.

श्री तुळजाभवानी प्रसन्न.

खर्चाची वही निराळी आहे. ही वही पाठवणीच्या वेळी वडलांनी दिली. म्हणाले, चंद्रे, हिशेबात बसत नाही ते यात लिहीत जा.

भूमहून एस.टी. बदलत बदलत दुपारी तीनला उतरलो. घर सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून, भाड्याचं. मागं पत्र्याची ऐसपैस शेड, आडाला गोडं पाणी, तुळशीला जागा. हे सडकेच्या कामावर ओव्हरसियर. तीन वर्षांखाली हैदराबादेहून इकडं आले. पुढंमागं कुणी नाही. नोकरीच्या धावपळीत लग्न राहून गेलं म्हणतात. हुंडा मागितला नाही, पत्रिकाही मागितली नाही. मुलगी बघायला आले तेव्हा माझी मॅट्रिकची गुणपत्रिका वडलांनी पुढं केली, ती यांनी उघडलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं, उंची किती? पाच फूट एक इंच म्हटल्यावर चेहरा कसा उजळला! आई अजून हसते त्यावर.

लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, मथुरा. चंद्रभागेची मथुरा झाले. एका तीर्थातून दुसऱ्या तीर्थात.

शेजारच्या लक्ष्मम्मानं भाकरतुकडा ओवाळला. वयानं आईएवढी, जिभेनं मिरचीची. म्हणाली, अगं पोरी, ह्यो बाबा एकटा असून रोज दोन पाट मांडायचा, आमी हसायचो. आता कळलं, तुझीच वाट बघत हुता की! मी लाजून आत पळाले. खरंच, स्वैंपाकघरात यांच्या पाटाच्या डावीकडं दुसरा पाट मांडलेला होता.

रविवार, दि. २ मार्च.

आज सोलापूरहून लॉरीवर एक मोटार आली आणि सगळी आळी गोळा झाली. विलायती. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी. गंजानं तांबडीलाल झालेली, चाकांच्या तारा तुटलेल्या, एका दिव्याला काच नाही, वरचा टप नुसत्या चिंध्या. आत कोंबड्या नांदल्या असाव्यात असा वास. लक्ष्मम्मा म्हणाली, ह्यापरीस म्हैस आणली असती तर शेणाला तरी महाग झालो नसतो.

मीही कुरकुरले. मग हे लहान मुलासारखे समजावू लागले. कुणा जहागीरदाराची गाडी, जहागिरी गेली, ही भंगारात पडली, लोखंडाच्या भावानं मिळाली. आपण दोघं मिळून नवी करू. शेवटी म्हणाले, उजवीकडं मी, डावीकडं तू, जशी पाटावर बसतेस तशी.

कागदपत्रं सगळी उर्दूत. माझं शिक्षण बार्शीला झालं, मला ती लिपी येत नाही. ट्रंकेत तळाला जपून ठेवली.

रविवार, दि. ९ मार्च.

दादामियाँ म्हणून मिस्त्री येतात. दाढी पांढरी, हात काळे. नमाजाला जाताना मोटारीलाही सांगून जातात, येतो म्हणून. इंजिन खोलून त्यांनी गोणपाटावर असं मांडलंय की जणू रुखवत. मी रॉकेलनं एकेक भाग धुते. पितळी भाग चिंचेनं घासते.

हत्यारांच्या खणात डाव्या दाराची आतली मूठ सापडली. ती आवळायचे चारही पेच निराळ्या कागदात गुंडाळून ठेवलेले. कोण बाई असा जपणारा, वाटलं आपल्याच जातकुळीचा! घासल्यावर सोन्यासारखी झाली. यांना दिली. बसवतो म्हणाले.

गंमत म्हणजे ते डावं दार माझ्या हातानं उघडत नाही. तीनदा ओढलं. दादामियाँनी एका बोटानं उघडलं आणि म्हणाले, ही तुमाला आत घेईना भाभी, पक्की सासू हाय! जुना भोंगा फाटला होता, त्याच्या रबरी फुग्याला मी ट्यूबचं ठिगळ लावून दिलं. त्यांनी तो दोन बैठकांच्या मधोमध बसवला. दाबला की म्हशीसारखा ओरडतो.

रविवार, दि. १६ मार्च.

डावीकडच्या बैठकीची गादी उसवली. नवा कापूस कशाला, जुनाच पिंजून घ्यावा म्हणून. आत बोटांना कडक लागलं. नव्या कोऱ्या हिरव्या खणात गुंडाळलेला रुपयाएवढा चांदीचा टाक. वर लुगडं नेसलेली बाई, झिजलेली. मागं टाचणीनं कोरलेलं: सौ. मथुरा.

डोळ्यांत पाणीच आलं. माझ्या नावानं देवीचा टाक करून घेतला आणि रक्षणासाठी माझ्याच बैठकीत लपवला! बोलून दाखवायचा स्वभाव नाही यांचा. चांदी महिन्याभरात इतकी काळी कशी पडली कोण जाणे, सोनारानं खोट घातली असेल. चिंचेनं धुऊन देव्हाऱ्यात ठेवला, हळदीकुंकू वाहिलं, साखर दाखवली. यांना काही बोलले नाही. त्यांची गंमत आपण कशाला मोडायची.

रविवार, दि. २३ मार्च.

पाडवा झाला. गादी मी स्वतः ठासून भरली, वर खाकी कापडाचा अभ्रा चढवला. सकाळी पाहिलं तर मधोमध खळगा, जणू कुणी दिवसभर बसून उठलंय. पुन्हा भरली. दुपारी पुन्हा खळगा, आणि हात लावला तर ऊब. पत्र्याच्या शेडीत ऊन तापतं म्हणावं, तर उजवीकडची गार.

यांनी दार उघडून धरलं, मी बसून पाहिलं. खळगा तंतोतंत माझ्या मापाचा. हे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, बरोबर बसली.

संध्याकाळी देव्हाऱ्यापाशी यांची नजर टाकावर गेली. तोंड पांढरंफटक. ताट उचलून ओसरीत जाऊन जेवले. रात्री आत आले तेही मागल्या दारानं, देव्हारा टाळून.

रविवार, दि. ३० मार्च.

टप शिवून झाला. बाजूचे पडदेही. जाड ताडपत्रीला दुहेरी टाके घातले, बोटं सोलली. पडद्याचे पट्टे बाहेरून आवळायचे असं यांनी माप दिलं. आत धूळ येऊ नये म्हणून. मी म्हटलं आतून बरे, तर म्हणाले, बाहेरूनच.

इंजिन आज सुरू झालं. दादामियाँनी पेढा मागितला. मी गाडीला ओवाळलं. सगळे हसत होते तेव्हा भोंगा वाजला. एकदाच. कुणाचाच हात तिथं नव्हता. दादामियाँ म्हणाले रबर तापलं असेल. पण ते नंतर हसले नाहीत.

शुक्रवार, दि. ४ एप्रिल.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं, सात बायका. लक्ष्मम्मा देव्हाऱ्यापुढं वाकली ती तशीच राहिली. बाकीच्या गेल्यावर तिनं माझा हात धरला. म्हणाली, पोरी, ही देवी न्हाय. देवीच्या हातात काय तरी असतंय. हिचे हात रिकामे हायती. ह्यो सवतीचा टाक हाय. पहिली सवाष्ण मेली की तिचा करत्यात, आनि दुसरीच्या गळ्यात बांधत्यात, म्हंजे ती दुसरीला आपली मानती. तुझ्या गळ्यात का न्हाय?

मी म्हटलं, मागं माझंच नाव आहे.

ती म्हणाली, जित्या माणसाचा टाक कोन करत न्हाय, बाई.

शनिवार, दि. ५ एप्रिल.

रात्रभर वाटत होतं लक्ष्मम्मा चुकली असेल. सकाळी हे कामावर गेल्यावर ट्रंकेतले कागद दादामियाँपुढं धरले. कुणा जहागीरदाराची गाडी, एवढंच वाचून सांगा म्हटलं, वहीत लिहायचंय.

त्यांनी चष्मा दोनदा पुसला. कसला जहागीरदार भाभी, म्हणाले. निजामी फसली साल १३५५ पासून गाडी तुमच्या मालकांच्याच नावावर हाय.

बारा वर्षं.

मग ते म्हणाले, गाडीचा सांगाडा डाव्या अंगानं दबलेला आहे, उजव्या अंगाला ओरखडाही नाही. हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण मालकाच्या घरात मिस्त्रीनं बोलावं का? हत्यारं गोळा करून गेले. मजुरी घेतली नाही.

रविवार, दि. ६ एप्रिल.

विचारलं. खाली मान घालून म्हणाले, होती. तिचं नाव मथुरा. तुळजापूरला दर्शनाला जाताना ओढ्याच्या उतारावर गाडी सुटली. मी उडी टाकली. ती बसून राहिली.

बसून राहिली.

तिचं नाव मला. तिची उंची माझी. तिचा पाट. मी पाटावर बसून इतके दिवस जेवले.

देव्हाऱ्यात टाक नाही.

मंगळवार, दि. ८ एप्रिल.

स्वैंपाक केला. कुणी जेवलं नाही. परत जावं तर वडलांच्या घरी दोन बहिणी उजवायच्या. नवऱ्यानं टाकली म्हणतील — की हिनंच —

आज शेडीत गेले. दार ओढून पाहिलं. आतून कुणीतरी धरून ठेवलंय असं. खरंच. माझ्या ओढण्याला ओढ. मी म्हटलं, बाई, मी तुझं काही घेतलं नाही, मला ठाऊकच नव्हतं. गादीवर हळूहळू ओल पसरली. दोन थेंब. मग आणखी.

गुरुवार, दि. १० एप्रिल.

हे रडले. देव्हाऱ्यावर हात ठेवून भवानीची शपथ घेतली. टाक खिशात जपलाय म्हणाले. उद्या शुक्रवार. देवीच्या पायाला लावून माझ्या हातानं तुझ्या गळ्यात बांधतो, मग तिला शांती, तुला शांती. रीत तर हीच आहे. लक्ष्मम्मापण तेच म्हणाली होती.

भवानीवर हात ठेवून माणूस खोटं बोलेल का? जाते. तिच्यासाठीही ओटीचं सामान घेतलं. खण, नारळ, बांगड्या.

शुक्रवार, दि. ११ एप्रिल. दुपार. वाटेत.

वही ओटीच्या पिशवीत होती म्हणून —

निघताना दार मला उघडेना. यांनी जोर लावून उघडलं, मला बसवलं, पडद्याचे पट्टे बाहेरून आवळले. धूळ येईल म्हणून.

उतारावर गाडी थांबवली. खाली ओढा, ओढ्यावर दगडी पूल. टाकीतलं पाणी संपलं, आणतो म्हणाले, डबा घेऊन गेले. पाण्याजवळ गेलेच नाहीत. पुलावर उभे राहिले. डबा खाली. नारळ फोडला.

पाठीत काहीतरी टोचतंय. गादीत. गोल. रुपयाएवढं.

खिशात नव्हता.

दाराची मूठ नाही. मी घासलेली मूठ. चार भोकं आहेत नुसती. बसवतो म्हणाले, बसवलीच नाही — तुटलेली नव्हतीच ती कधी. तेव्हाही. तेव्हाही यांनीच काढून, कागदात गुंडाळून —

ती बसून राहिली नव्हती.

हाका ऐकू येताहेत. हे ओरडताहेत, मथुरे, तुझी जागा भरली, हिला घे, मला सोड! भवानीवर ठेवलेला तोच हात वर करून.

मी मथुरा नाही. मी चंद्रभागा. भूमची. मॅट्रिक. कुणी ही वही वाचेल त्यानं हे —

उजव्या दारानं उतरावं म्हणून सरकले. सरकता येत नाही. तिकडं जागा नाही. उजवीकडची बैठक खाली दबलीय. खळगा. हिरव्या बांगड्या वाजल्या, माझ्या नव्हेत —

ती डावीकडं नाही आज. स्टिअरिंगच्या चाकामागं बसलीय.

दार धरून ठेवत होती ती. मला आत येऊ देत नव्हती — आणि मी समजले —

ब्रेकचा दांडा खाली गेला. मी हात लावला नाही.

गाडी हलली. हळू, बैलाच्या चालीनं. चाक आपोआप वळतंय, नीट पुलाच्या मध्यावर. हे तिथंच. डोळे मिटलेले, हात जोडलेले. ऐकू येत नाही त्यांना, इंजिन बंद आहे.

भोंगा माझ्या हाताशी आहे. मीच ठिगळ लावलेला. एकदा दाबला तर हे डोळे उघडतील. बाजूला होतील. कपाळावर कुंकू आहे माझ्या —

वीस पावलं असतील.

ती पुढं बघत नाही. माझ्याकडं वळलीय. थांबलीय. मी काय करते ते —

हात भोंग्यावर आहे. आई भवानी, मी