तिरकू पुन्हा बांधावर आला

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे. राग मानू नका. चांगलं काही सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिहायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. ते काल घडलं. काल दुपारी जनाकाकू आपल्या घरी आली होती. चहा पिऊन गेली.

नीट वाचलंत ना? जनाकाकूच. शेवटच्या दुखण्यात तुम्ही रोज आईला विचारायचात, "जना येऊन गेली का गो?" आई "नाय" म्हणायची आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात. त्या भिंतीकडे बघायला मला अजून नको वाटतं. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला कळवावं, मग बाकीची कामं.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल, शकू गोष्ट नेहमी शेपटाकडून धरते.

तुमचा तिरकू खेकडा आठवतो का, हे तुम्हाला काय विचारायचं? तालुक्याच्या साप्ताहिकात मागच्या पानावर दर आठवड्याला तो यायचा. शहापूर-मुरबाडातली पोरं तो पेपर मागूनच उघडायची. तुम्ही आठवडाभर दुकानांच्या पाट्या रंगवायचात आणि रविवारी ओट्यावर बसून लाकडाचे ठोकळे कोरायचात. तेव्हा छापखान्यात चित्र छापायचं तर ठोकळा लागायचाच. दर आठवड्याला नवे कोरायला सवड कुठली? तुम्ही पाच कोरलेत आणि त्या पाचांवर सात वर्षं काढलीत.

तिरकू बिळातून डोळे बाहेर काढतो. काकू टोपली घेऊन बांधावरून येते. तिरकू आडवा पळतो. काकू त्याला धरून उताणा करते, तो मेल्याचं सोंग घेतो. शेवटी तिरकू नांग्या वर करून नाचतो आणि काकूची टोपली रिकामी! चित्रं तीच, खालचं बोलणं तेवढं नवं. कधी सरपंचाची निवडणूक, कधी रेशनचं रॉकेल, कधी आमच्या शाळेचं गळकं छप्पर. लोकांना पाचही चित्रं पाठ होती, तरी ते हसायचे. मीसुद्धा. वर्गात माझी केवढी ऐट असायची, ठाऊक आहे?

काकूला तुम्ही नाव दिलं नव्हतंत. पण नाकात ती एवढी नथ, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं आणि चालताना एक खांदा खाली. सापगावात असं दुसरं कोण चालतं? आई पहिल्याच अंकाला म्हणाली होती, "आवो, ही तर आपली जनाबाय." त्यावर तुम्ही म्हणालात, "मी कुठं नाव लिवलंय?"

आबा, हे बोलणं तुम्हाला शोभलं नव्हतं. आज सांगते.

जनाकाकू म्हणजे आसपासच्या तीन गावांची सुईण. माझाही जन्म तिच्याच हातचा. आणि पावसाळ्यात भाताच्या खाचरातून खेकडे, चिंबोऱ्या, धरून आणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्या घरी पहिला वाटा यायचा तो तिच्याकडूनच. तिरकू सुरू झाला आणि वाटा यायचा थांबला. तुम्हाला वाटलं, यंदा कमी सापडल्या असतील. सात वर्षं कमीच सापडल्या का हो?

मग मावशीच्या लीलाच्या हळदीत ते घडलं. तुम्ही भर मांडवात विचारलंत, "काय जना, बरी हाय ना?" तिने तुमच्याकडे पाठ केली आणि टोपली उचलून चालती झाली. पुढच्या रविवारी तुम्ही पाचही ठोकळे जुन्या धोतरात बांधून माळ्यावर टाकलेत. संपादकांना सांगितलंत, हात दुखतो. त्याच हाताने सोमवारी मुरबाडच्या बाजारपेठेत दुकानाची भलीमोठी पाटी रंगवून आलात. पोरं मला वाटेत अडवून विचारायची, तिरकू मेला का गं?

तिचं घर आपल्यापासून दोन बांध पलीकडे. दोन! एकदा जाऊन विचारलं असतंत, "जना, माझं काय चुकलं?" तर तुमची शेवटची चार वर्षं अशी गेली नसती. तुम्ही गेलात तेव्हाही ती आली नाही. दहाव्यालाही नाही. मीही मग तिच्या दारावरून जाताना मान वळवायला लागले. लेक कुणाची?

आता ह्या वर्षाचं सांगते. मी शहापूरला चित्रकला शिकवते ते तुम्ही बघून गेलात. त्यानंतर कल्याणला जाऊन कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकले. कल्याणातलीच एक छोटी कंपनी मुलांसाठी कार्टूनच्या सीड्या काढते. तिथे काम मागायला गेले. मालक पोरगेलासा आहे. त्याचं आजोळ खर्डी. मी तिरकूवाल्यांची मुलगी हे कळताच तो उडालाच. तो म्हणाला, "मॅडम, मामाच्या कपाटाला आतून सगळे तिरकू चिकटवलेले होते. आमच्या पिढीचा तो हिरो. आताच्या मुलांसाठी परत करू या ना. रंगीत, हलणारा, बोलणारा." मला त्याच्या ऑफिसात रडू आलं. त्याने घाबरून पंखा वाढवला.

पण पुढच्या बैठकीत त्याने यादीच काढली. तिरकूला गॉगल. तिरकूला मोबाइल. आणि काकूला सुळे, लांब नखं, हिरवा चेहरा. "केबलवर मुलं काय काय बघतात, मॅडम. व्हिलन तगडा पाहिजे." पंधरा दिवसांत चित्रं द्यायची होती. गॉगलचं मी हसण्यावारी नेलं. पण काकूची चेटकीण करायची? एकदा काळ्या शाईत तिचं हसू केलं, आता रंगीत हसू करायचं? आणि काकूच नसेल तर तिरकू पळणार कुणापासून? नाही म्हटलं तर तुमचा तिरकू माळ्यावरच कुजणार. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी जुन्या पेपराचं एक पान घेतलं आणि दोन बांध ओलांडले.

ती अंगणात वाल सोलत बसली होती.

"कोन? गोंद्याची शकू?"

"हो काकू."

"बस. सोलू लाग."

अर्धी पाटी सोलून झाली. शेवटी मी पान तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "मला हे परत काढायचंय. तुम्हाला विचारायला आले." तिला अक्षरओळख नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे खालचे तुमचे विनोद तिने कधी वाचलेच नव्हते, तिने फक्त चित्रं पाहिली होती. तिने चौथ्या चित्रावर बोट ठेवलं.

"ह्यो कोन?"

"तिरकू. तुमच्या हातात उताणा."

"नर का मादी?"

"नर."

"मंग त्याचं पोट बघ की. पोटावरचं हे झाकन, ही पाळ, नराची निमुळती असते, बोटाएवढी. ही बघ, परातीवानी रुंद. मादी हाय ही. आन हे ठिपके कसले?"

आबा, ते ठिपके तुम्ही दाभणाने टोचत होतात तेव्हा मी शेजारी बसले होते. पोटाखाली सावली दिसावी म्हणून. मी तसं सांगितलं.

"सावली?" काकूने माझ्याकडे बघितलं. "ही पिल्लं हायत गो. पोटाशी पिल्लं धरलेली मादी. अशी हाती आली तर आमी तिला परत बांधावर सोडतो. माज्या आयशीनं सोडली, मी सोडली. अशीला कोन तपेल्यात घालतं का? आन तुजा बाप दर आठवड्याला मला टोपली दिऊन तिच्याच मागं धावडवतो. बाया मला म्हनायच्या, जनी बालंतिनीला पन सोडत नाय. मला, गो! तुजी नाळ मी कापली."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. सात वर्षं गावातली प्रत्येक बाई ते चित्र असं वाचत होती आणि आपल्या घरात कुणाला पत्ता नव्हता. आईला खेकड्याची शिसारी, घरात खेकडा शिजत असला की ती चूल सोडून बाहेर जायची. आणि तुम्ही? तुम्ही रंगाच्या डब्यांत वाढलेले. खाचरात कधी उतरलातच नाही. खेकडा तुम्ही ताटात पाहिलात, तोही रश्श्यात बुडालेला.

"काकू," मी म्हटलं, "आबांना नर-मादी कळत नव्हती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजी त्याला ठावंच नव्हतं?"

"नाही."

"शेंबड्या पोराला कळतं, आन त्याला नाय?"

आणि मग ती हसायला लागली. वाल सांडले, कोंबड्या धावल्या, तरी तिचं हसणं थांबेना. पदराने डोळे पुसत म्हणाली, "मंग इचारलं का नाय येडपटानं?"

"तुम्ही पाठ केलीत ना."

"मी पाठ केली. त्याचे पाय नव्हते तोडले."

हे तुमच्यासाठी होतं, तुम्हालाच पोचवते. नंतर मात्र तिने सांडलेले वाल गोळा करायला घेतले. मग हळूच म्हणाली, "मी यायला पायजे व्हतं. त्याच्या मातीला तरी." आम्ही दोघींनी राहिलेले वाल सोलले.

निघताना तिनं अट घातली. "काढ. पन मादी काढ. आन ती माज्या हातून निसटते असं दावू नको. मला धरू दे तिला. माज्या हातून एक पन चिंबोरी कवा निसटली नाय."

तेच केलं आबा. सुरुवातीलाच काकू तिरकूला धरते. उताणी करते. पोटाची पाळ उघडते आणि आत चिकटलेली बावीस पिल्लं डोळे मिचकावतात. काकू म्हणते, "अगो बाय, तू तर लेकुरवाळी!" आणि तिला बांधावर सोडून देते. तिथून पुढची गोष्ट पिल्लांची. त्यातलं एक सरळ चालायचा हट्ट धरतं आणि सारखं तोंडावर पडतं. आईचं नाव तिरकूच ठेवलं, ते बदलायचं धाडस मला झालं नाही. मालक म्हणाला, "हिरोची आई करून टाकलीत?" मी म्हटलं, "असंच होईल, नाहीतर माझी चित्रं परत द्या." आवाज तुमचाच लागला होता. तो म्हणाला, आधी मुलांना दाखवू, मग ठरवू.

काल सकाळी सापगावच्या शाळेत दाखवलं. दोन बाकांवर टीव्ही, खाली सगळी शाळा आणि पुढे खुर्चीवर जनाकाकू, नवं लुगडं नेसून. खरं सांगू? मी टीव्हीकडे बघितलंच नाही. माझं सगळं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे. काकू तिरकूला पकडते तेव्हा पोरं गुडघ्यांवर उठून बघायला लागली. पिल्लं दिसली तेव्हा एक बारकी मुलगी ओरडली, "सोड तिला काकू!" आणि टीव्हीतल्या काकूने सोडली. मग पिल्लं काकूच्या टोपलीत शिरतात, तिच्या नथीला लोंबकळतात, आणि पोरं जी हसायला लागली! परत तिलाच हसताहेत, मला वाटलं. काकूने एकदा मागे वळून पोरांकडे पाहिलं, आणि मग तीही हसली, तोंडावर पदर न घेता. आबा, किती वर्षांचा श्वास मी तेव्हा सोडला ते माझं मला माहीत.

पोरांनी सीडी तीनदा लावायला लावली. मालकाने गॉगलची यादी परत काढली नाही. आणखी आठ भाग करा म्हणाला. काकूने त्याला सुनावलं, पिल्लाचे पाय चुकलेत, पुढच्या टायमाला तिला इचारून काढा. त्याने मुकाट्याने वहीत लिहून घेतलं.

मग ती माझ्याबरोबर घरी आली. आई दारातच थबकली. काकू कुणाशी काही न बोलता आत गेली आणि तुमच्या फोटोसमोर उभी राहिली. हारावरची धूळ पदराने पुसली. तुम्हाला गोंद्या म्हणणारं गावात आता तिच्याशिवाय कोण उरलंय?

"गोंद्या," ती म्हणाली, "मादी व्हती रे ती."

आई चहा टाकायच्या निमित्ताने आत पळाली. मी तिथेच उभी राहून पोटभर रडले. ते रडणं दुःखाचं नव्हतं, एवढं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्ही तिचं वाईट चिंतलं नव्हतंत, हे तिला कळलं. ती आकसाने पाठ करून गेली नव्हती, हे आता तुम्हाला कळलं. भिंतीकडे तोंड करून पडू नका आता.

एक शब्द देते आबा. यापुढे कुणाही जित्या माणसाला माझ्या चित्रात घेतलं, तर चित्र छापायला जाण्याआधी त्याच्या दारात जाईन. नाव लिहिलं नाही, ही पळवाट मी कधी काढणार नाही. आणि कुणी माझ्याकडे पाठ केली, तर त्याच दिवशी, चप्पल न शोधता, त्याच्या मागे जाईन आणि विचारीन, माझं काय चुकलं.

तुमची,
शकू