दर्यारावाचा दुसरा भाग

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. विक्रम यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं इथं बरे आहोत. पुण्यात थंडी पडायला लागली असेल, तर कानटोपी घालत जा, आईला ओरडायला लावू नकोस. तुला मराठी अजून अक्षर अक्षर जुळवत वाचावं लागतं, आणि माझं अक्षर म्हणजे तुझ्या पप्पांच्या भाषेत मुंग्यांची जत्रा. तेव्हा हे पत्र आईच तुला वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तिनं सगळं वाचावं, गाळू नये. फोनवर ती "घ्या, विक्रमशी बोला" म्हणून लगेच फोन तुझ्या हातात देते आणि इकडं आजोबा स्पीकर लावून शेजारी बसलेले असतात. मग मी तुला जेवलास का विचारते, तू हो म्हणतोस, झालं बोलणं. म्हणून पत्र.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. चकल्या करून ठेवल्या होत्या, त्या आजोबांनी दात नसताना संपवल्या. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन संक्रांतीनंतर करायचं ठरलंय. तोपर्यंत पेपर हातात धरतात, पण वाचतात किती ते त्यांनाच माहीत. परवा उलटा धरला होता.

आता खरी बातमी. मी दर्याराव पाहिला. दुसरा भाग.

तुला सगळं पहिल्यापासून सांगते, कारण पप्पांना सांगायला वेळ मिळाला नाही. ते तुझ्याएवढे होते तेव्हा काचीगुडा स्टेशनसमोर व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देणारं एक दुकान होतं. तिथं त्यांना एक जुना जपानी पिक्चर सापडला. समुद्रातनं डोंगराएवढा एक राक्षस निघतो, शहरात शिरतो आणि इमारती पापडासारख्या मोडत जातो. त्याचं जपानी नाव काही आमच्या जिभेवर बसेना. पप्पांनी त्याला दर्याराव म्हणायला सुरुवात केली, आपल्या घरात सगळेच राव म्हणून. ती कॅसेट त्यांनी इतक्यांदा आणली की दुकानदार वैतागून म्हणायचा, "कुलदीप बेटा, दुनिया में दुसरे पिक्चरां भी है जी."

त्या पिक्चरच्या शेवटी दर्याराव मरतो. पप्पा दर वेळी रडायचे. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की याचा दुसरा भागही आहे. झालं, जीव तिथं अडकला. दुकानात तो कधी आलाच नाही. पुढं दुकानही गेलं. पप्पा मोठे झाले, नोकरीला लागले, लग्न झालं, तू झालास, तरी त्यांच्या डोक्यातनं ते जाईना. शेवटी त्यांनी परदेशातनं त्याची डीव्हीडी मागवली. बघितली मात्र नाही. "विक्रम मोठा झाला की दोघं मिळून फोडू," म्हणाले आणि प्लास्टिकसकट कपाटात ठेवून दिली. मग ती साथ आली. त्या वेळी तू बालवाडीत होतास. पप्पा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत.

दसऱ्याला तू मला फोनवर विचारलंस, "आजी, तो पहिल्या भागात मेला ना, मग दुसऱ्यात येतो कसा?" मला उत्तर येत नव्हतं. तेवढ्यात आजोबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "तू इकडं राहायलाच ये, मग दाखवतो. इथल्या शाळेत नाव घालू, रोज बघ." तू म्हणालास, आईला विचारतो. त्यानंतर तुझे फोन कमी झाले.

तर परवा मी आजोबांना म्हटलं, ती डीव्हीडी लेकराला पाठवून देऊ, त्याचा वाढदिवस येतोय. ते म्हणाले, "नक्को. ती गेली की इकडं यायला त्याला काय कारण ऱ्हाणार?" मी म्हटलं, निदान चालते का ते तरी बघू. "फोडायची नाही," एवढंच बोलले आणि आंघोळीला गेले. मी भाजीच्या सुरीनं प्लास्टिक कापून टाकलं. खालच्या नामदेवरावांच्या माळ्यावर जुना प्लेअर होता, तो त्यांच्या प्रियदर्शिनीनं आणून जोडून दिला. आजोबा बाहेर आले, कापलेलं प्लास्टिक पाहिलं आणि जेवताना माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. जेवण झाल्यावर मात्र पेपर घेऊन टीव्हीसमोरच येऊन बसले.

पिक्चर जपानीत आहे आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतात. आजोबांना ती दिसेनात. थोडा वेळ गेला आणि पेपराआडून आवाज आला, "काय म्हणतोय तो?" मग काय, मी जामबागच्या शाळेत जन्मभर मुलांना धडे वाचून दाखवलेली बाई. एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची, असं सुरू झालं. पळणाऱ्या अक्षरांमागं माझी चांगलीच दमछाक झाली.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. तो दर्याराव परत येत नाही. समुद्रातनं निघतो तो दुसराच असतो. लोक त्याला तेच नाव देतात, पण तो वेगळा. मेलेला परत येत नाही, त्या जपान्यांनीसुद्धा तेवढं खोटं सांगितलेलं नाही. आजोबा पिक्चर अर्धा होईपर्यंत वाट बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तो आलाच नाही?" मी नाही म्हटलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

बाकीची मारामारी तुझी तू बघ, डीव्हीडी या पत्रासोबत येतेय. आता तू खाली खेळायला जा. पुढचं आईला मनातल्या मनात वाचू दे.

रेणू, तो गेला का?

तुला सरळ पत्र लिहायला बसले होते. वर तुझं नाव घातलं आणि पुढं शब्द सुचेना. मग विक्रमचं नाव घातलं तसा हात चालला. वाचणार तूच होतीस.

पिक्चरमध्ये एक म्हातारा कोळी आहे. त्याच्या मुलाची होडी पहिल्या भागात बुडालेली. घरात सून आणि नात. मुलगा इथनंच गेला, तर घर सोडायचं नाही, असा त्याचा हट्ट. सून बिचारी सामान बांधते, सोडते, पुन्हा बांधते. मग भोंगा वाजतो, सगळं गाव डोंगराकडं पळत सुटतं आणि सून दारात त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहते. तेव्हा तो म्हातारा काहीतरी बोलतो. खाली अक्षरं आली, एकच शब्द. जा.

मी तेवढंच वाचायला हवं होतं. पण माझ्या तोंडातनं निघालं, "जा बाई. लेकराला घेऊन जा. ते तुझं आहे, तुझ्यापाशीच राहू दे. आमच्यासाठी थांबलीस तर आमचंही भलं व्हायचं नाही. तुला कुणी साथ देणारा भेटला असेल तर त्याचा हात धर. आमचा मुलगा गेला, त्यात तुझा काय गुन्हा?" मी बोलतच सुटले. पडद्यावर तोवर डोंगर आला होता, लोक वर चढत होते आणि माझा म्हातारा अजून बोलतोच आहे.

तुझ्या सासऱ्यांनी पडद्याकडं मान पुढं केली. मग म्हणाले, "एवढं सगळं बोलला का तो? त्याचं तोंड तर एकदाच हललं. तेवढं दिसतंय मला."

मी म्हटलं, जपानी भाषा आटोपशीर असते.

त्यावर ते हसले नाहीत. उठून गॅलरीत गेले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत. शेवट मी एकटीनंच बघितला.

रेणू, गेल्या उन्हाळ्यात तू इथं येऊन हेमंतबद्दल सांगितलंस, तेव्हा हे म्हणाले होते, "लग्न कर, आमचं काही म्हणणं नाही. पण कुलदीपचं लेकरू इथं ऱ्हाईल." तू पुण्याला जाऊन लग्नच पुढं ढकललंस. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. मला सगळं ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर, तू लग्न पुढं ढकललंस हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, आता विक्रम आपल्यालाच राहील. माझं वय झालं, स्वार्थ काही कमी होत नाही. पण नंतर तुझा फोन यायचा आणि तुझा आवाज दिवसेंदिवस कोरडा होत गेलेला ऐकू यायचा. तुझे आई-वडील असते तर त्यांच्यापाशी तू रडली असतीस. ते नाहीत, आणि आम्ही असून नसल्यासारखे.

मला भीती वाटते, ती लिहून टाकते. विक्रम हेमंतला बाबा म्हणेल. म्हणू दे, म्हणायलाच हवं. पण मग आम्ही त्याचे कोण? दुसऱ्या घरच्या मुलाचे जुने आजी-आजोबा, ज्यांना सणाला एक फोन करायचा. ती भीती मला आहे आणि तुझ्या सासऱ्यांना माझ्याहून जास्त आहे. त्यांना ती बोलता येत नाही, म्हणून ते अटी घालतात.

पण ही भीती आमची आहे, ती तुझ्या गळ्यात का? लग्न कर. विक्रमला तुझ्यापाशी ठेव. हे मी माझ्यापुरतं लिहितेय, त्यांच्या वतीनं नाही. त्यांचं मन वळवणं मला अजून जमलेलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काल पोस्टात जायचं राहिलं, ते बरंच झालं.

काल सकाळी हे चहा न घेताच बाहेर पडले. तास दोन तास पत्ता नाही. फोन घरीच ठेवलेला. एका डोळ्यानं धड दिसत नाही आणि चौकातल्या गाड्या कुणाकडं बघून चालतात? मी परेशान. शेवटी रिक्षातनं उतरले, हातात एक खाकी पाकीट. दाढी केलेली, अंगावर तो करडा कोट, जो तुझ्या नि कुलदीपच्या लग्नात घातला होता. मी विचारलं, कुठं गेला होता? म्हणाले, "फोटो काढायला."

मला वाटलं, पेन्शनचं काही असेल. मग खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि मला विचारलं, "रजिस्टर लग्नाला साक्षीदार लागतात ना?"

मी म्हटलं, लागतात, तिघं.

"मग रेणूकडनं कोण सही करणार? तिला कोण आहे?"

पाकिटातनं त्यांनी फोटो काढले, आधार कार्डाची झेरॉक्स काढली, माझ्याही आधारची. माझं कार्ड त्यांनी कधी कपाटातनं नेलं, देव जाणे. म्हणाले, "आपण दोघं करू. तिसरा हेमंतरावांकडचा राहू द्या. हे तिला आत्ताच पाठव, ऐन वेळेला खामखा धावपळ नको."

आणि विक्रम? मी विचारलं.

पाकिटाची कड सारखी करत म्हणाले, "सुट्टीत पाठवशील का, एवढं विचार तिला. विचार म्हणजे विनंती कर. अट नाही."

कुलदीपला नेलं त्या दिवशीही माझ्यासमोर रडले नव्हते. काल रडले, कोट अंगावर तसाच होता. मीही रडले. मग मी चहा टाकला, आणि ते म्हणाले, साखर कमी आहे.

तर रेणू, ही मी विनंती करते. सुट्टीत त्याला पाठव, आणि तुम्हा दोघांना जमेल तेव्हा तुम्हीही या. हेमंतरावांना सांग, आमच्या घरी जेवण मराठवाड्याचं असतं, तिखट सोसेल अशा बेतानं यावं. तारीख ठरली की कळव, आम्ही आधीच्या दिवशी येऊन पोचतो. साडी मी घेऊन येणार आहे. रंग तू सांग, नाहीतर मी माझ्या आवडीची घेईन.

पाकिटावरचा पत्ता मला त्यांनी लिहू दिला नाही. स्वतःच लिहायला बसले. ओळी वाकड्या झाल्यात, पिनकोड दोनदा खोडलाय. कुलदीप गेल्यापासून तुला काही पाठवायचं झालं की ते तुझ्या नावाआधी श्रीमती लिहीत आले. तू पाकीट घाईनं फोडलं असशील, तर आता पुन्हा हातात घे आणि नावाआधी काय लिहिलंय ते बघ. चि. सौ. कां. रेणू. लग्नपत्रिकेत आपल्या मुलीच्या नावाआधी बाप घालतो, ते.

वाट बघतोय.

आम्ही मुलीकडची,
सावित्री आणि प्रतापराव