स्क्रू नसलेला दिवा

बाबा, आपल्या बोथ गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात कोणी बिघडलेला रेडिओ किंवा टॉर्च आणला की तुम्ही आधी तो पालथा घालून स्क्रू शोधायचात, बिघाड काय ते नंतर विचारायचात. मी इंजिनीअर होऊन हैदराबादला दिवे डिझाइन करायला लागले आणि पहिल्याच सुट्टीत तुमच्यापुढे कागद पसरला. तुम्ही विचारलंत, "बॅटरी मेल्यावर हा उघडन कसा?" मी म्हणाले, ते नंतर बघू. "नंतर काऊन? कागदावर हाये तवरच पाह्य. एकदा साचा पडला का मंग तुह्या बापालेही उघडता येनार नाही." मला तेव्हा हसू आलं होतं.

तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी तोच प्रश्न माझ्या टेबलावर आला. रात्री रानडुकरांपासून कपाशी राखणाऱ्यांसाठी सोलर दिवा होता. झाकण स्क्रूचं ठेवायचं की कायमचं चिकटवायचं? चिकटवलं तर दिवा बारीक होतो, पाणी शिरत नाही, काम लवकर उरकतं. निकामी झाल्यावर दिव्याचं काय होणार, असा एक रकाना तक्त्यात होता. मी त्यात 'लागू नाही' लिहिलं आणि सही ठोकली.

ते दिवे आपल्या बोथशेजारच्या बाजारहत्नूरपर्यंत पोचले आणि दोन पावसाळ्यांत मेले. आता बांधावर पडलेले दिसतात. लोक तांब्यासाठी ते जाळतात आणि त्या धुराने घसा दिवसभर खवखवतो. पण आपल्याकडची माणसं वस्तू टाकण्याआधी एकदा तुमच्या दुकानात दाखवतातच, आणि तुमच्यामागे तिथे बसणारा आपला धाकटा कोणाला नाही म्हणत नाही. दिवाळीआधी त्याने असाच एक दिवा सुरीने फोडला. सुरी बॅटरीत घुसली आणि बॅटरी त्याच्या तोंडासमोर भडकली. उजवा डोळा गेला, बाबा. डाव्याने बारीक जोडकाम दिसतं म्हणतो, पण मी त्याला तार चाचपडताना पाहिलंय.

दवाखान्यात मी त्याच्या खाटेपाशी बसले होते. दिव्यावर विकणाऱ्या कंपनीचं नाव असतं, डिझाइन करणाऱ्या आमचं नसतं, त्यामुळे त्याला काहीच ठाऊक नाही. त्याने विचारलं, "ताई, तू तं दिवेच बनवतं नं? मंग सांग, उघडाले जागाच नाही ठेवली, असा कोन बिनडोक माणूस असन व?"

"असेल कोणी चीनमधला," मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि माझा हात धरून झोपला.

दुकान आता बंद आहे. त्याला खरं सांगायचं म्हणून कागद घेतला होता, आणि वर तुमचं नाव घातलं, कारण तुम्ही त्याला सांगणार नाही.