नवव्या प्रकरणातलं पत्र

लोस्टॉफ्ट,
१४ ऑक्टोबर १९७४

चि. डेस्मंडला हेस्टरताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतोय, मांजर खातंय-पितंय. लंडनला तुझंही बरं चाललं असावं, कारण पत्रात नुसत्या सूचनाच आहेत.

डेस्मंड, तुझ्या कादंबऱ्या टाइप करून करून जीव मेटाकुटीला आलाय माझा. पहिलीत प्रकरणं उलटी. दुसरीत लेखक स्वतःच गाडीतून उतरतो आणि नायकाकडे काडेपेटी मागतो. परवा बेकरीत मिसेस टिबनहॅम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाई, तुमच्या भावाचं पुस्तक संपलं, की शेवटची पानं गळालीत? मी वाचनालयात भांडून आले हो!" काय सांगणार मी, कपाळ? वर तुझा दंडक, चुकासुद्धा जशाच्या तशा टाइप करायच्या.

आता ही नवी. बहीण म्हाताऱ्या वडिलांजवळ राहते, भाऊ लेखक. असू दे, मला सवय आहे. नवव्या प्रकरणात लेखक म्हणून तूच त्या घरात शिरतोस, दाराशी पडलेलं, तिला आलेलं पत्र उचलतोस, पहिली ओळ वाचून शेगडीत टाकतोस. वाचकाला सांगतोस, "ती गेली असती तर गोष्टच उरली नसती." समीक्षक टाळ्या पिटतील. काय खेळ केलाय म्हणतील!

ती ओळ मी तीनदा टाइप केली. 'कॅप्टन, मंगळवारी अकराच्या गाडीला मी स्टेशनवर थांबतो.'

नेव्हिल मला कॅप्टन म्हणायचा. नावेत, आम्ही दोघंच असताना. हे मी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तो न भेटता न्यूझीलंडला गेला, म्हणून बावीस वर्षं मी त्याला लबाड समजत आले. बाबांचं दुखणं मी काढलं. तू लंडनला पुस्तकं लिहिलीस.

संताप येतोय, आणि रडूही. खरं ते चारचौघांत सांगायचं आणि कुणाचा विश्वास बसू नये अशीही सोय करून ठेवायची, हे तुलाच सुचावं!

ते पान अजून यंत्रावरच आहे. पुढचं माझ्याच्याने होणार नाही. प्रकाशकाला काय सांगायचं ते तू बघ.

तू एकच ओळ वाचलीस, हे मात्र मला पटत नाही. लहानपणापासून दुसऱ्यांची पत्रं तू शेवटपर्यंत वाचायचास. पुढे काय लिहिलं होतं त्याने? आठवेल तेवढंच लिही. मनाचा एक शब्दही घालू नकोस.

वाट पाहत,
हेस्टर