एलिक्कुट्टी अम्मायी हयात असल्याबाबत

वेट्टिक्कडव, पाला
शुक्रवार, दुपार

प्रिय अम्मायी,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. तुमची प्रकृती कशी आहे हे विचारण्याचा अधिकार मी निदान या वर्षापुरता गमावला आहे, हे मला समजतं. तरी विचारते, कारण गुडघा, रक्तदाब आणि डावा कान यांची चौकशी केल्याशिवाय पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदावर जायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. (तांदळाच्या ताटात माझं बोट धरून पहिलं अक्षर तुम्ही काढून घेतलंत, शाळेच्या आधीची दोन वर्षं, तुम्ही इरिट्टीला जाण्याआधी, मी तुमच्याच पडवीत शिकले. तेव्हा या पत्रातल्या अक्षराची जबाबदारी थोडी तुमच्याकडेही येते. मजकुराची सगळी माझी.) अम्मा बरी आहे. चाचन बरे आहेत म्हणजे जेवतात, रबराच्या झाडांत एक फेरी मारून येतात आणि फारसं कुणाशी बोलत नाहीत. संध्याकाळी सातला प्रार्थना संपली, की फोन मांडीवर घेऊन बसतात. तुमचा फोन रोज त्या वेळेला यायचा. गेले सोळा दिवस आलेला नाही.

साजीचेट्टनकडून तुमचा निरोप कळला, की मेलेली माणसं भावाला फोन करत नसतात. चाचननी तो ऐकला, मान हलवली आणि आपला ब्लॉग बंद करून टाकला. पण अम्मायी, तुम्हाला चाचननी मारलेलं नाही, मी मारलं आहे. चुकीच्या माणसाला, माझ्या वडिलांना, शिक्षा होते आहे हे मला झोपू देत नाही, म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते.

चाचन निवृत्त झाल्यापासून ब्लॉग लिहितात हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही त्याला 'कुरियनची हवेतली डायरी' म्हणता तेही त्यांना ठाऊक आहे.) जुनी घरं, जुना होडीचा धक्का, कोण कुठून येऊन इथे वसलं, असे बाहत्तर लेख झाले होते. महिन्याला अकरा वाचक यायचे. त्यांतली चार वेळा मीच असायचे, म्हणून मी स्वतःला वजा करून सात धरत असे. किती लोकांनी वाचलं हे चाचन कधीच विचारत नाहीत. लेख टाकला की तासाभराने नुसतं विचारतात, "नेट चालू आहे ना गं?" मी म्हणते, चालू आहे. मग म्हणतात, बरं. हे 'बरं' बाहत्तर वेळा ऐकल्यावर मला पुढे ऐकवेना, म्हणून मी एक सेवा शोधून काढली. ब्लॉगवर नवा लेख आला, की ती आपणहून त्याचं एक चित्र बनवते आणि आपल्या फेसबुकच्या पानावर लावते, चर्चच्या पानावर लावते, गाववाल्यांच्या पानावर लावते. आपण हात लावायचा नाही. नवा लेख आल्याचं तिला कळतं कसं, याचं मला फार कुतूहल होतं. वाचून काढलं तर ती दर पंधरा मिनिटांनी ब्लॉगवर येऊन बघून जाते, अम्मा खुराड्यात अंडं आहे का बघायला जाते तशी. मला ते आवडलं. 'अटी मान्य आहेत' या चौकोनात खूण करण्याआधी मी त्या अटी सगळ्या वाचल्या, एकेचाळीस पानं, तीन दिवस. (एका अटीचा अर्थ लागला नाही म्हणून पत्रही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.) त्या एकेचाळीस पानांत आमच्या पाला गावच्या माणसाला उपयोगी पडेल असं एकही वाक्य नव्हतं, हे आता कळतं.

चित्रासाठी नमुने निवडायचे होते. बहुतेकांत फुगे आणि ठिणग्या होत्या, एकात नाचणारी मांजर. चाचनच्या लेखनाला हे शोभणार नाही म्हणून मी सगळ्यात साधा नमुना घेतला: पांढरा कागद, भोवती काळी चौकट. दिवसातून किती वेळा लावायचं या प्रश्नाला त्यांचीच शिफारस तीन वेळांची होती, सकाळी साडेसहा, दुपारी बारा, संध्याकाळी साडेसात. मी ती मान्य केली. अनुभवी लोकांचं ऐकावं असं मला वाटलं.

सेवा सुरू झाल्यावर चाचनचा पहिला लेख आला तो तुमच्या सत्तरीचा. आता चाचननी एकतीस वर्षं कोट्टयमच्या वर्तमानपत्रात निधनवार्तांच्याच पानाची मुद्रितं तपासली हे तुम्हाला मी सांगायला नको. हाताला तेच वळण. त्यांनी मथळा दिला, 'एलिक्कुट्टी, पुळिक्कपरंपिल (७०)'. वर तुमचा साजीचेट्टनच्या लग्नातला फोटो लावला, पांढऱ्या साडीतला, न हसलेला. सेवेने फोटो घेतला, त्याखाली मथळा घेतला, भोवती मी निवडलेली काळी चौकट घातली, आणि बुधवारी सकाळी साडेसहाला ते तीन पानांवर लावलं. मी चहा घेता घेता बघितलं आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला वाटलं, छान दिसतंय. मग वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलं आहे. कुठे ते आठवेपर्यंत रोसक्कुट्टी चेडत्ती कुंपणापलीकडून डोळे पुसत येताना दिसल्या. त्यांनी झालं का, कसं झालं, काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की कधी नेणार.

तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली, लांब लांब ठोक्यांची, मरणाची. कप्यार औसेप्पचेट्टनकडे मी धावत गेले. तो दोर धरूनच माझं बोलणं ऐकत होता. (अर्ध्यात थांबवली तर मृताचा अपमान होतो म्हणे.) तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं, तर तो माझ्याकडे कीव येऊन बघत म्हणाला, "मोळे, अगं, फोटो आहे. घराचं नाव आहे. कंसात वय आहे. आता चौथं काय हवं?" वाजवलेली घंटा परत घ्यायची काही रीत आहे का हेही मी त्याला विचारलं. त्याच्या छत्तीस वर्षांत तशी वेळ आलेली नव्हती.

आता माझी मुख्य चूक. लोक मला फोन करून विचारायला लागले, अम्मायी खरंच गेल्या का. मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण जे स्वतः पाहिलं नाही ते ठामपणे सांगायचं नाही, ही तुमची शिकवण. तुम्ही ध्यानकेंद्रात पाच दिवसांच्या मौनात, फोन फाटकावर पिशवीत जमा. तुमच्याशी मी शेवटचं बोलले होते रविवारी. म्हणून मी म्हणत होते, "माझ्या माहितीप्रमाणे रविवारपर्यंत जिवंत होत्या." याने कुणाचं समाधान झालं नाही. मग ध्यानकेंद्राच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या भल्या माणसाने सांगितलं, की मौन चालू असताना मृत्यूखेरीज कुठलाही निरोप आत देत नाहीत, तर मृत्यू झाला आहे का? खोटं मला बोलता येईना. मी म्हणाले, "नाही, उलट." त्यांनी फोन ठेवला.

साडेदहाला मी ब्लॉगवर खुलासा लिहिला. आधी आभार, मग मुद्दा, असा क्रम ठेवला. पहिलं वाक्य होतं, 'एलिक्कुट्टी अम्मायींच्या बातमीने ज्यांना दुःख झालं त्या सर्वांचे आम्ही कुटुंबीय मनापासून आभारी आहोत.' दुसरं वाक्य होतं, 'ती बातमी खरी नाही.' सेवा पंधरा मिनिटांनी आली, बघून गेली, आणि बारा वाजता तुमच्या फोटोखाली पहिलं वाक्य लावलं. दुसऱ्याला चौकटीत जागा नव्हती. सकाळपर्यंत ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीही त्यामुळे फिटली. चार वाजेपर्यंत त्रेचाळीस माणसं आणि नऊ पुष्पचक्रं आली. रोसक्कुट्टी चेडत्तींनी, दुखवट्याच्या घरी चूल पेटू नये म्हणून, कप्प्याचे उकडलेले कंद आणि मिरचीची चटणी आणली. प्रेत नसलेल्या घरात लोकांनी बसायचं कुठल्या दिशेला तोंड करून हे कुणाला कळेना. त्याच वेळी साजीचेट्टन इरिट्टीहून सहा तास, आई गेली म्हणून रडत, गाडी चालवत थेट ध्यानकेंद्रात पोचला आणि तुम्ही कांजीच्या रांगेत ताट घेऊन उभ्या दिसलात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमचं मौन मोडलं, आणि जे मोडलं ते कसं मोडलं हेही साजीचेट्टनने सविस्तर सांगितलं.

संध्याकाळी सेवेचं पत्र आलं, माझं नाव घेऊन अभिनंदन केलेलं. 'तुमच्या लेखाला नेहमीपेक्षा कितीतरी पट प्रतिसाद, असंच लिहीत राहा.' मी खातं बंद केलं. रविवारी चर्चमध्ये विकारीअच्चननी मिस्साच्या शेवटी तुम्ही जिवंत असल्याचं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मला वाटतं काही जण जरा खट्टू झाले.

एका गोष्टीचं कुतूहल मात्र अजून जात नाही. दोन हजार तीनशे सोळा लोकांनी तुमच्या फोटोखाली रडका चेहरा लावला. त्यांतल्या किती जणांनी लेख उघडला हे मी पाहिलं. तिघांनी. एक मी, एक चाचन (स्वल्पविराम तपासायला), आणि एक दोहाहून कुणीतरी, जो अकरा सेकंदांत परत गेला. म्हणजे ज्या लेखापायी एवढं झालं तो कुणी वाचलेलाच नाही. तुम्हीही नाही.

मला क्षमा करा असं म्हणत नाही, कारण ते मागायला मी स्वतः इरिट्टीला येणार आहे. गुडघ्याला तेल लावत जा. तुमच्या आशीर्वादाची अपेक्षा आहे, पण घाई नाही.

तुमची,
जिन्सी

ता. क. कोण आलं आणि कोण काय म्हणालं, याची यादी तुम्ही साजीचेट्टनकरवी मागवली होती, ती सोबत आहे. शक्यतो शब्दशः आहे. तुम्ही जिवंत आहात कळल्यावर कॉफी न घेता उठून गेलेल्या दोघांची नावं वेगळ्या कागदावर आहेत. तो कागद वाचून फाडावा.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. चाचननी लेख पुसला, पण त्याआधी मी तो हाताने उतरवून घेतला होता (न विचारता, आयुष्यात पहिल्यांदा). सोबत चार पानं आहेत. पहिल्या तीनमध्ये नदी आहे, तुमचा टायफॉइड आहे, आणि वर्ष बुडाल्यामुळे तुम्ही दोघे एकदमच मॅट्रिक झालात ते आहे. चौथं पान कृपा करून शेवटपर्यंत वाचा. कॉलेजात एकालाच पाठवता येईल म्हणून तुमच्या वडिलांनी, अप्पच्चननी, चिठ्ठ्या टाकल्या, आणि अक्षर चांगलं म्हणून त्या चाचनना लिहायला सांगितल्या, हे तुम्हाला आठवत असेल. चाचननी दोन्ही चिठ्ठ्यांवर स्वतःचंच नाव लिहिलं होतं. चिठ्ठी तुम्ही उचललीत आणि हसून त्यांच्या पाठीवर थाप मारलीत, असं त्यांनी लिहिलं आहे. हे वाचून तुम्हाला जास्त राग येईल की कमी, याचा मला अंदाज नाही. पण रागावायचं असेल तर खऱ्या कारणासाठी रागवा, काळ्या चौकटीसाठी नको. आणि सातला फोन करा. ते पहिल्या दोन घंटांना उचलणार नाहीत, वाट बघत होते हे दिसू नये म्हणून. ठेवू नका.

ता. क. ३. दाखवल्याशिवाय हे पाठवणं मला जमलं नाही. चाचननी पत्र आत्ता वाचलं. चिठ्ठ्यांच्या ओळीवर पेन्सिल टेकवली, मला वाटलं खोडणार. त्यांनी 'दोन्ही' या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, टपाल किती वाजता निघतं.