साहेबांची वही

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन केला की साहेब फोनच्या पाठीमागे मला शोधतात आणि मी सापडले नाही की दिवसभर रडतात, म्हणून तू पत्रांचा नियम घातलास. तो मी पाळते आहे. आपला धाकटा भाऊ चौदा वर्षांचा झाला, तरी चमच्या-चमच्याने पाणी पाजून घेण्याचा त्याचा रुबाब काही उतरत नाही, तेव्हा साहेब हेच नाव बरोबर.

इथे विसावा केंद्रात मला महिना झाला. ज्या मुलांना आपलं आपण खाता-चालता-बोलता येत नाही, त्यांना आम्ही पंधरा दिवस ठेवून घेतो, म्हणजे घरी त्यांचं करणाऱ्याला तेवढी पाठ टेकता येते. खाटा तीनच. यादी ठेवणं आणि प्रत्येक मुलाची परिचय-वही लिहून घेणं हे माझं काम. मूल कशाला हसतं, कुठल्या आवाजाचा अर्थ काय, घास कुठल्या बाजूने द्यायचा. काल एक आई मुलीला सोडून निघाली ती फाटकापर्यंतच पोचली. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या झोपली, ती दुपारी उठली. मला तू आठवलीस.

म्हणून मी साहेबांचं नाव घातलं आहे. चौदावा नंबर आहे. केंद्राच्या मोठ्या बाई म्हणाल्या की सख्खा भाऊ आहे तर घे वर, कोण विचारतंय. मी नको म्हटलं. यादीत सर्वांत वर जुळ्यांची आई आहे. तिला दोन खाटा एकदम रिकाम्या हव्यात, म्हणून ती डिसेंबरपासून तिथेच अडकून पडली आहे. तिच्या डोळ्यांदेखत मी माझ्या भावाला पुढे कसं सरकवू? पहिलीत माझ्या दप्तरात शाळेचा खडू आला तेव्हा तूच मला भर उन्हात परत पिटाळलं होतंस.

सोबत फॉर्म आणि कोरी वही आहे. काळजी घेणाऱ्याची तब्येत हा रकाना नीट भर. आजारपण असेल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, तर नाव वर घेतात. तसा नियमच आहे.

साहेबांच्या कपाळाला माझा हात लाव. रागावलीस तरी चालेल, पण आधी फॉर्म भर आणि मग रागाव.
तुझी,
मास्तरीण

१३ मार्च

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फॉर्म भरून पाठवला आहे. तुझा अभ्यास घेता घेता शिकलेली ही अक्षरं आहेत, तेव्हा तांबडी शाई काढू नकोस. आपल्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली तू पहिली, त्यामुळे चुका काढायचा मान तुझा, हे मान्य.

तब्येतीच्या रकान्यात ठणठणीत लिहिलं आहे. नंतर शेजारच्या काकूंकडून कळून तू आकाशपाताळ एक करशील, म्हणून मीच सांगते. काखेत एक गाठ आहे. काकूंनी इस्त्री टाकून मला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले काढून टाकू, आठ-दहा दिवस राहावं लागेल. मी म्हटलं, साहेबांची सोय लागली की येते. ते काहीतरी पुटपुटले. दाढ काढण्यासारखंच आहे, उगाच जीव काढू नकोस.

वही लिहायला घेतली आणि फसले. साधं पाणी पाजणं लिहायला दोन पानं लागली. डावीकडून चमचा, आधी ओठाला टेकवायचा, मग थांबायचं, त्यांनी भुवई उचलली की पुढे. हे सगळं मला येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. उशांच्या खोळी शिवायच्या बाजूला राहिल्या आणि लेखिका झाले.

जेवणाची आबाळ करू नकोस. आहेत तेवढे पैसे पुरवून वापर.
तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. ठणठणीत माणसाला दवाखान्यात आठ दिवस ठेवतात का? त्याच डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी आण. चिठ्ठी आली त्या दिवशी मी साहेबांचं नाव सर्वांत वर घेईन, त्यात लपवण्यासारखं काही नाही. चिठ्ठीशिवाय मात्र मला ते करता येत नाही. मनाला येईल ते लिहायला लागले तर ती यादी कसली?

नाहीतर मी रजा टाकून येते. साहेब मला आंघोळ घालू देत नाहीत हे ठाऊक आहे, पण काकूंना मदतीला घेईन. तू फक्त हो म्हण.

सध्या अकरावा नंबर आहे. उलट टपाली लिही, एवढं माझ्यासाठी कर.
मास्तरीण

२ एप्रिल

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

यायचं नाही. नोकरी कायम व्हायला तीन महिने आहेत, आणि पहिल्याच वर्षी घरचं रडगाणं घेऊन रजा मागितलीस तर उद्या कोणी तुझं ऐकणार नाही.

चिठ्ठीही नाही. मी चिठ्ठी घेऊन वर चढले की ती जुळ्यांची आई खाली जाणार. दोघांना एकाच वेळी उचलणारी बाई डिसेंबरपासून थांबली आहे, आणि मी एकाला उचलून तिला ढकलू? माझं ते नेहमीचंच दुखणं आहे, हात जरा जड पडतो एवढंच. डाव्या हाताने चमचा धरायला शिकले. साहेबांना ते पसंत नाही, भुवई उचलायला वेळ लावतात.

वहीची चाळीस पानं झाली. पाच वाजता खोळी पोचवून मी परत येते तेव्हा ते सरपटत दाराशी येऊन चौकट धरून उभे असतात. दिवसभरात तेवढेच उभे राहतात. तेव्हा कोणी हात देऊ नये असं मी जाड अक्षरात लिहिलं आहे.

शेवटच्या पानावर छापील प्रश्न आहे, काळजी घेणारी व्यक्ती नसेल तेव्हा मूल काय करतं. मी लिहिलं, ठाऊक नाही, तशी वेळ आलेली नाही. बरोबर आहे ना, मास्तरीणबाई? की खोडू?

पत्र तिरकं गेलं आहे, कागद सरकतो. प्रकृतीला जप, आणि माझी आठवण पोटभर जेवून काढ.
ताई

६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिसरा नंबर आला. एव्हाना खाट मिळालीही असती, पण एका मुलाला न्यायला कोणी परत आलं नाही आणि त्याची खाट अडली. त्याला बाहेर तर काढता येत नाही. मी रोज सकाळी यादी उघडते आणि जणू रात्रीत काही घडलं असेल अशी बघते.

ताई, तुझी अक्षरं मोठी होत चालली आहेत आणि ओळी खाली घसरताहेत. मी मार्चचं आणि एप्रिलचं पत्र शेजारी ठेवून पाहिलं. कागद सरकतो म्हणतेस, मग सोबत पाठवलेल्या जाड पुठ्ठ्यावर लिही. चिठ्ठीचं पुन्हा एकदा विचारते. शेवटचं विचारते.

साहेबांना मुका. तुझ्या शब्दाची वाट बघणारी,
मास्तरीण

१४ मे

चि. पोरी,
आशीर्वाद.

मी शेजारची काकू. मला लिहिण्याची सवय नाही, समजून घे. काल तुझी ताई साहेबाला उचलताना खाली पडली. त्याला छातीवर झेललं, त्याला खरचटलंही नाही. तिला मोठ्या दवाखान्यात ठेवलं आहे. डॉक्टरची चिठ्ठी सोबत आहे. ती मी मार्चमध्येच लिहून घेतली होती, तिने डब्यात लपवून ठेवली होती. पोरगा माझ्याकडे आहे, माझ्या हातून पाणी घेत नाही. वही वाचून पाजते आहे. लवकर ये.
काकू

२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काकू हे तुला वाचून दाखवतील. मध्येच थांबवू नकोस.

त्या दिवशी तुझ्या खाटेशी बसले तेव्हा तू मला नोकरीचं विचारलंस आणि मी साहेबांचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते तुला माहीत आहे आणि मलाही. बोलताना त्यांनी मार्च हा शब्द दोनदा उच्चारला. तू ठणठणीत लिहिलंस ते खोटं आहे हे मला तेरा मार्चच्या पत्रातच कळलं होतं. पण फॉर्मवर तसं होतं आणि मी फॉर्मचं ऐकलं. चिठ्ठी नाही म्हणून हात बांधलेले असं मी स्वतःला सांगत राहिले. मोठ्या बाईंना एकदा तुझं पत्र दाखवलं असतं तरी पुरलं असतं. ते मला सुचलं होतं, ताई. सुचलं होतं आणि मी ते बरोबर नाही म्हणून सोडून दिलं.

चिठ्ठी लावून साहेबांना खाट मिळाली. जुळ्यांच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती म्हणाली की आधी कळलं असतं तर तिने मार्चमध्येच सांगितलं असतं, या मुलाला घ्या म्हणून. एवढी वाट पाहिली, अजून पंधरा दिवसांनी काय होणार होतं, असंही म्हणाली. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

साहेब वहीबरहुकूम चालले आहेत. पहिले दोन दिवस रडले. आता डावीकडून चमचा, थांबायचं, भुवई. काल मला आंघोळ घालू दिली. शेवटच्या पानावरचं तुझं उत्तर मी खोडलं नाही, खाली माझं लिहिलं. काळजी घेणारी व्यक्ती नसेल तेव्हा मूल पाच वाजता सरपटत दाराशी जातं आणि चौकट धरून उभं राहतं. दिवे लागेपर्यंत उभं राहतं. आम्ही कोणी हात देत नाही.

उद्या त्यांचे पंधरा दिवस संपतात. माझ्या खोलीत एक खाट आणखी बसते, मालकीणबाईंनी हो म्हटलं आहे. दिवसा ते केंद्रात राहतील, त्यासाठी आज नवा फॉर्म भरला. काळजी घेणारी व्यक्ती, बहीण. पुढे तब्येतीचा रकाना आला. गेले पंधरा दिवस घास गिळत नाही आणि रात्री डोळा लागत नाही. खरं लिहिलं असतं तर मोठ्या बाईंनी साहेबांना दुसरीकडे पाठवायचं काढलं असतं. आजवर मी कुठल्या कागदावर एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं, तू लिहू दिलं नव्हतंस.

मी ठणठणीत लिहिलं.

रविवारी आम्ही दोघं येतो. पाचच्या सुमारास पोचू. तेवढं दाराकडे तोंड करून नीज.
तुझी,
मास्तरीण